उताराला अंगठा

“म्हणजे लबाड माणसाला लबाडसुद्धा म्हणायचं नाय का, उस्ताद?”

निळकंठ तांडेलाने हे विचारलं ते टेकडीवरच्या दर्ग्याच्या अंगणात, उभ्या उभ्या. बस म्हटलं तरी तो बसला नाही. बसण्यासारखी अवस्थाही नव्हती म्हणा. आदल्या दिवशी करवंदीच्या जाळीत जाऊन पडलेल्या माणसाला बसणं जरा बेतानेच जमतं.

हसनमियां मुकादम जाईच्या वेलाला पाणी घालत होते. त्यांनी तांब्या रिता केला, पालथा ठेवला.

“लबाड कोण?”

“वसंता भोईर! दुसरा कोण?”

उस्ताद वेलाची सुकलेली पानं वेचू लागले.

हे हसनमियां तरुणपणी जत्रेतल्या मौत का कुआंमध्ये मोटरसायकल फिरवायचे. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर, दोन्ही हात सोडून. पुढे गुडघे गेले, जत्रा सुटली, आणि ते या दर्ग्याचं अंगण झाडायला येऊन राहिले. खालच्या किनाऱ्यावर ज्याला ज्याला म्हणून धड गाडी चालवता येते, तो यांच्याच हाताखालून गेलेला. म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

त्या सगळ्यांत निळकंठ पहिल्या नंबरचा. हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्यांना ठाऊक नसेल तर तो सांगत असे.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला त्या जाड टायरांच्या, बुटक्या, चार चाकांच्या गाड्या असतात ना, क्वॉड म्हणतात त्यांना, त्या चालवण्यात निळकंठाची उभी हयात गेली. सगळ्या फोर-स्ट्रोक. शहाण्या, थंड डोक्याच्या गाड्या. पण वसंता भोईराकडे एक जुनी टू-स्ट्रोक क्वॉड होती. तिचा तो कर्कश आवाज, टेकडीचा चढ एका दमात गिळणं... निळकंठाचा जीव तिच्यावर केव्हापासून अडकला होता. वसंताचा खांदा निखळला, गाडी चालवणं बंद झालं, आणि त्याने ती विकायला काढली. निळकंठाने दुसऱ्या कुणाचा हात लागायच्या आत उचलली.

आणि काल ती याच टेकडीच्या उतारावर जाम झाली.

“जाम म्हणजे कशी? मागची चाकं जागच्या जागी धरली! मी हँडलवरून पुढं, जाळीत. गाडी आडवी. बघा, हा हात बघा! पिस्टन चिकटलाय आतमध्ये. सडकं इंजिन गळ्यात मारलंन माझ्या. आणि वर तोंड करून आज जेट्टीवर गॅरेज टाकायला निघालाय. लोकांच्या गाड्या दुरुस्त करणार! हा!”

“जेट्टीवर जागा मिळाली त्याला?”

“आज संध्याकाळी बैठक हाय. क्वॉडवाल्यांची. जागा द्यायची का नाय ते तिथं ठरणार. अध्यक्ष मी हाय.”

शेवटचं वाक्य त्याने जरा सावकाश उच्चारलं.

“मी सगळ्यांना सांगितलंय सकाळीच. एकूण एक माणसाला. ज्यानं मला फसवलं, तो तुम्हाला सोडील होय? आता तुम्ही फक्त चला माझ्यासंगती. साक्षीला. ही गाडी इथंच तर आणली होती आम्ही दोघांनी. टाकीवर हात ठेवून तुम्ही इंजिन ऐकलंत. तुम्ही बोललात, घे, चांगली हाय. तुमच्या शब्दावर घेतली मी!”

म्हणजे तक्रार वसंताविरुद्ध होती आणि ठपका उस्तादांवरही होता. निळकंठाला एकाच दगडाने समाधान होत नसे.

“चांगलीच होती,” उस्ताद म्हणाले.

“चांगली होती? मग जाम कशानं झाली?”

“तेल घातलं होतंस?”

आता मात्र निळकंठाचं डोकं फिरलं. त्याला तेलाचं विचारावं? किनाऱ्यावरची शेंबडी पोरं त्याला विचारून गाडीत तेल घालतात, आणि त्याला?

“उस्ताद, मी काय काल जन्मलो? टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलात मिसळून घालायचं असतं, हे मला माहीत नाय? मापानं घातलं. चांगल्यातलं. कॅन हलवून हलवून दंड भरून आले माझे. टाकीत बोट घालून बघा, अजून हिरवं दिसतंय.”

“मग पेट्रोल-तेल दोन्ही होतं.”

“होतंच!”

“आणि उताराला काय केलंस?”

“काय करणार? गाडी गिअरात ठेवली, अंगठा उचलला. इंजिनानं धरून ठेवली गाडी, जशी धरते तशी. तुम्हीच शिकवलंत!”

क्वॉडचा वेग मुठीत नसतो. उजव्या अंगठ्याखाली एक छोटी पट्टी असते. दाबली की पेट्रोल जातं, उचलली की बंद. टेकडीवरून उतरताना अंगठा उचलायचा आणि गाडी गिअरात ठेवायची, म्हणजे ती सुसाट सुटत नाही. हा धडा निळकंठाने याच उतारावर, याच माणसाकडून घेतला होता. तेव्हापासून त्याचा अंगठा उतार दिसताच आपसूक वर येत असे.

उस्तादांनी हातातली सुकी पानं आळ्यात टाकली. कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“चल.”

“कुठं?”

“बैठकीला नेतोयस ना मला? तू हो पुढे. त्या खालच्या चाफ्यापर्यंत पळत जा आणि माझी वाट बघ.”

“पळत कशाला? बाहेर माझी जुनी गाडी उभी हाय...”

“पळत.”

उस्ताद जवळ आले. निळकंठाचा उजवा हात त्यांनी धरला, ओरबाडलेला, आयोडिन लावलेला, आणि तो त्याच्याच तोंडावर ठेवला. नाकासकट. वरून आपला पंजा दाबून बसवला.

“हात काढायचा नाही. पळ.”

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर निळकंठाने त्याला जेट्टीवरून पाण्यात टाकला असता. पण उस्ताद पळ म्हणाले की त्याचे पाय अजून विशीतलेच होते. तो पळाला.

उतार तीव्र. जांभ्याचा, पावसाने धुऊन काढलेला. थांबावं म्हटलं तरी पाय थांबत नाहीत, टेकडीच पायांना पुढे ढकलते. चार ढांगा बऱ्या गेल्या. मग छातीत काहीतरी धडका देऊ लागलं. कान वाजले. चाफा अजून बराच खाली होता. पाय पळतच होते आणि आत हवेचा टिपूस नव्हता...

अर्ध्यावर त्याने हात काढला. एका दगडाला मिठी मारून कसाबसा थांबला, आणि भात्यासारखा धापा टाकू लागला.

मग चढून वर आला. चेहरा लालबुंद. धाप थोडी कमी आणि संताप जास्त.

“मारता काय मला, उस्ताद? वय काय माझं? काल पडलेला माणूस मी! श्वास कोंडून कुणी पळवतं का माणसाला?”

उस्तादांनी त्याच्याकडे भोळेपणाने पाहिलं.

“उतारच तर होता, निळू. जोर कुठे लागत होता?”

“जोर नाय लागत म्हणून काय... पाय पळतातच ना! पाय पळतायत तर आत...”

निळकंठ थांबला.



दर्ग्याच्या पलीकडे कुणाची तरी शेळी ओरडत होती. निळकंठ आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता.

फोर-स्ट्रोकचं तेल तिच्या पोटात असतं. अंगठा दाबा नाहीतर उचला, तिला ते मिळतच राहतं. या गाडीचं तेल पेट्रोलाबरोबर येतं. त्यानेच तर मिसळलं होतं, दंड भरून येईपर्यंत. अंगठा उचलला की पेट्रोल आटतं. पेट्रोलाबरोबर तेलही. आणि उताराला चाकं इंजिनाला फिरवतच राहतात, जोरात, कोरडं... अख्खी टेकडी त्याने तिला तशी उतरवली होती. मोठ्या ऐटीत.

कळलं की राग जायला हवा. निळकंठाचा गेला नाही. फक्त कुठे ठेवावा ते कळेना.

“मग तुम्ही मला चुकीचं शिकवलंत!”

“बरोबर शिकवलं.”

“अंगठा उचल म्हणून कोण सांगत होतं?”

“मीच. त्या गाड्यांना.”

“मग या गाडीला वेगळं असतं, ते नको होतं सांगायला? तुम्ही इथंच होतात त्या दिवशी. गाडीवर हात ठेवलात, घे म्हणालात, आणि जी गोष्ट सांगायची तीच गिळून टाकलीत! उभा जन्म तुमचं ऐकत आलो मी. हे काय गुरूचं वागणं झालं?”

त्याचा आवाज चिरकला. तो खरोखर दुखावला होता, काट्यांपेक्षा जास्त.

उस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“कुणी?”

उस्तादांनी अंगणाच्या कठड्याकडे बोट केलं.

निळकंठाने तिकडे पाहिलं. कठडा रिकामा होता. पण त्या दिवशी तिथे वसंता भोईर उभा होता. एक हात गळ्यातल्या पट्टीत, दुसरा हँडलवर. विकलेल्या गाडीचं हँडल त्याच्याने सोडवत नव्हतं. निळकंठाने टांग टाकली तेव्हा तो पुढे वाकला होता. ‘निळूदादा, एक सांगू का? उताराला...’

आणि निळकंठ म्हणाला होता, ‘वसंता, गाडी विकलीस ना? मग आता मला चालवायला शिकवू नको.’ आणि किक मारली होती. त्या कर्कश आवाजात वसंताचे ओठ नुसते हलताना दिसले होते. ते बघून निळकंठाला हसूही आलं होतं.

“तुम्हाला ऐकू आलं?” त्याने हळूच विचारलं.

“मला आलं. ‘उताराला मधे मधे अंगठा दाबत राहा, तिला कोरडी पळवू नको.’ दोनदा म्हणाला बिचारा.”

निळकंठ अखेर बसला. काटे टोचले, तरी बसला.

“जरा मोठ्यानं बोलायला काय धाड भरली होती त्याला?” तो पुटपुटला. पण त्यात दम नव्हता.

उस्ताद हसले नाहीत. तेवढी दया त्यांनी केली.

तेवढ्यात निळकंठाच्या खिशातला फोन वाजला. खालून प्रमोद नाखवा होता, क्वॉडवाल्यांतलाच एक. तो इतक्या उत्साहात होता की त्याचं बोलणं अंगणभर ऐकू येत होतं.

“दादा, काम झालं! बैठकीची वाटच नाय बघितली आम्ही. वसंतानं गॅरेजसाठी रोवलेले बांबू उपटले, ताडपत्री गुंडाळली, हत्यारांची पेटी रस्त्यावर आणून ठेवली. तुम्हाला फसवतो म्हणजे काय?”

“...तो काय बोलला?”

“काय बोलणार? उभा होता पेटीपाशी. बायको आली होती त्याची, ती रडत होती. सगळी जेट्टी जमली होती, दादा! पलीकडच्या गावातल्या गाडीवाल्यांनापण कळवलंय आम्ही. आता त्याला कोणी स्क्रूसुद्धा फिरवायला देणार नाय. तुम्ही एकदम निवांत राहा.”

फोन बंद झाला.

निळकंठाने तो हातात तसाच धरून ठेवला. त्याने एकदा खाली पाहिलं. टेकडीवरून जेट्टी दिसत होती. सकाळपर्यंत तिथे दिसणारी वसंताची निळी ताडपत्री नव्हती.

“मी त्यांना उपटा म्हणून नव्हतं सांगितलं,” तो एकाएकी उसळून म्हणाला. “मी फक्त लबाड म्हणालो होतो! बांबू उपटायला मी सांगितलं? पेटी रस्त्यावर टाकायला सांगितलं? ही काय रीत झाली? गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा?”

उस्तादांनी पालथा तांब्या उचलला.

“आणि बायको रडते तर ह्यांना दिसत नाय? माणसं हायत का कोण!”

उस्तादांनी तो पुन्हा खाली ठेवला.

निळकंठाने कपाळावरचा घाम पुसला. चार लोकांत उभं राहायचं. क्वॉडवाल्यांच्या अध्यक्षाने. किनाऱ्यावरच्या पहिल्या नंबरच्या चालवणाऱ्याने. आणि म्हणायचं की मला गाडी चालवता आली नाही... नुसत्या विचारानेच त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“ठीक हाय,” तो शेवटी म्हणाला. “आज बैठकीत मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाय. वचन देतो तुम्हाला. कुणी विचारलं तरी गप्प बसेन. झालं?”

उस्ताद त्याच्यासमोर येऊन बसले.

“लोकांचं काय, उस्ताद... आज बोलतील, उद्या विसरतील. आपण हात काढून घ्यायचा. मग हळूहळू सगळं आपोआप शांत होतं.”

वाऱ्याने जाईचा वेल हलला. उस्तादांनी हात पुढे केला, निळकंठाचा ओरबाडलेला उजवा हात आपल्या हातात घेतला, आणि त्याचा अंगठा सावकाश, आपल्या अंगठ्याने खाली दाबला.

“उताराला तुझी गाडीही आपोआपच चालली होती, निळू...”