कोल्ह्याच्या शाळेतले तिसरे पान

“आणखी दोन पानं मिळाल्याशिवाय पोरगी मातीला नख लावणार नाही,” बाप तिसऱ्यांदा म्हणाला, आणि म्हातारीच्या पाठीवरचे काटे खडखडले.

मुलांनो, एका डोंगराच्या उतारावर ही म्हातारी साळू, म्हणजे साळिंदर, आपल्या मुलासोबत आणि नातीसोबत राहत असे. भांडण चालले होते ते नातीवरून. बिळाला दोन तोंडे हवीत, ही साळूंची जुनी रीत. एका तोंडाशी तरस येऊन बसले, तर दुसऱ्यातून निसटता येते. यांच्या बिळाचे मागचे तोंड दरड कोसळून बुजले होते आणि तरसाची पावले कालच ओढ्याकाठी दिसली होती. नात कोल्ह्याच्या शाळेत खोदकाम शिकून नुकतीच परतली होती. पळसाच्या पानावर कोल्ह्याच्या पंजाचा ठसा, म्हणजे तिथला दाखलाही, घेऊन आली होती. तिने नवे तोंड खणावे, एवढेच आजीचे म्हणणे. बाप म्हणे, हल्ली एका पानाला कोण विचारतो, सशाच्या पोराकडे तीन आहेत. पोरगी मधे बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला कुणी विचारलेच नव्हते.

पुढच्या पानांची माहिती द्यायला कोल्हा स्वतः आला होता. दुसरे पान ‘बोगदा-प्रवीण’, तिसरे ‘भूगर्भ-पारंगत’. म्हातारीने नावे ऐकून घेतली. ती जन्मात कुठल्या शाळेची पायरी चढली नव्हती; जे आले ते नखे झिजवून आले होते, आणि त्याचा तिला भारी ताठा होता.

“कोल्होबा,” ती म्हणाली, “तुमची शाळा भरते, ते बीळ कुणी खणलं?”

कोल्हा खाकरला. जागा तशी आयतीच मिळाली, असे काहीसे पुटपुटला.

“आयती कशी मिळेल? माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी खणलं ते. चार दिवस बाहेर गेले, तेवढ्यात तुम्ही आत शेपूट पसरून बसलात. आणि हा माझा शहाणा लेक तुमच्याकडून खणण्याचे दाखले आणायला निघालाय.”

बाप खाली मान घालून काट्यांतली माती झटकू लागला. पोरगी मात्र उठली, दरडीच्या बाजूला गेली आणि खणू लागली. लाल माती भराभर मागे उडाली. म्हातारीची मान ताठ झाली. पण हातभर आत गेल्यावर खर्रकन आवाज आला. मुरूम लागला होता. पोरीने इकडून पाहिले, तिकडून पाहिले, तिसऱ्या ठिकाणी तर नखच मोडले.

कोल्हा गालात हसला. “म्हणून तर सांगत होतो, आजीबाई. शिक्षण अपुरं पडतं. मुरूम तिसऱ्या पानात येतो.”

बापाने आईकडे पाहिले.  कबूल करणे म्हातारीला मरणाहून जड होते.

“मुरूम मलाही येत नाही,” ती म्हणाली. “आयुष्यभर वळसा घालून गेले. पण तिसऱ्या पानात तो फोडून दाखवता, की नुसता सांगता?”

कोल्ह्याने समजावले, की पारंगत होणाऱ्याने पंजे मळवायचे नसतात. फोडणारे दुसरे असतात.

“हो, आणि त्यांच्या बिळात राहणारे तिसरे,” म्हातारी म्हणाली. मग नातीकडे वळून तिने विचारले, “तुला काय हवंय ग?”

पोरगी मोडके नख चोखत होती. “पान नको, आजी. हा कसा फुटतो, ते हवंय.”

ओढ्यापलीकडे एक खवले मांजर राहत असे. दगडासारखी टणक वारुळे फोडून पोट भरणारे. ते कुणाला पान देत नसे, फारसे बोलतही नसे. तिकडेच जा, म्हातारीने सांगितले. परत येईपर्यंत पुढच्या तोंडाशी काटे उभारून मी बसते. बापाने शेवटचे विचारून पाहिले, की तिथून परत येताना चार जणांना दाखवायला पोरीच्या हातात काय असेल?

पुढे पोरगी शिकून आली, नवव्या दिवशी मुरूम फुटला, मागचे तोंड उघडले, आणि अकराव्या दिवशी तरस पुढे दबा धरून बसले असताना तिघेही मागून सुखरूप निसटले. पण भांडण मिटले ते कोल्हा आला त्याच संध्याकाळी. म्हातारी एकच वाक्य बोलली, त्यावर बाप पोरीला ओढ्यापर्यंत सोडायला उठला आणि कोल्हा आपली पाने उचलून चालता झाला. ते वाक्य तुम्हीही गाठीशी बांधा.

तात्पर्य : “आधी कामाला हात घाल, कुठे अडतं ते बघ, आणि जे अडेल ते शिकायला खुशाल डोंगर ओलांड, पण ज्याने ते स्वतः केलंय त्याच्याच दारात जा.”