पायलीवरची शीग

एका राज्यात, जिथे दरबारात साळुंक्यांची साक्ष चाले, येसजी नावाचा मापारी होता. धान्य मोजावं तर येसजीनं! पायली काठोकाठ भरून वर जोंधळ्याची शीग चढवायचा, आणि ती शीग फुकटात गिऱ्हाइकाच्या पदरात पडायची. बापजाद्यांपासूनची रीतच होती ती.

राजा कर्दमसेनाच्या डोळ्यांत ती शीग सलू लागली. "पायलीवरून फळी फिरवा. शीग राजकोठारात जमा करा. न फिरवील त्याचे हात तोडा," असा हुकूम सुटला. ती फळी येसजीनंच तासून दिली. कारागिरीचं कौतुक झालं म्हणून गडी खूशही झाला.

वर्षभरात कोठार आढ्यापर्यंत भरलं आणि राज्याला शाप लागला. कितीही जेवा, पोट म्हणून भरेना. येसजीची लेक गुणाई चार भाकऱ्या खाऊन भुकेनं रडायची. पोरीची हाडं वर आली. 

तेव्हा येसजीच्या घराच्या आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "मापाऱ्या, तुझ्या फळीचा हा शाप. तीन पायल्या शिगेनं दे. पहिली परवडत नसताना, दुसरी द्यावीशी वाटत नसताना, तिसरी जिवावर बेतत असताना."

येसजीनं आपल्याकडची फळी चुलीत घातली. घरातला शेवटचा पायलीभर जोंधळा दारी टोपल्या विकायला आलेल्या म्हाताऱ्या बुरडिणीला शिगेनं दिला. रिकाम्या कणगीत दुसरी पायली आपसूक आली. ती दिली भिवजीला, ज्यानं येसजीचाच बैल पळवला होता. देताना येसजीनं दातओठ खाल्ले, पण शीग ढळू दिली नाही. कणगीत तिसरी आली, ती घेऊन तो दरबारात गेला आणि शिगेसकट राजापुढे ठेवली.

"फळी कुठे आहे?" राजानं विचारलं.

"जाळली, महाराज."

"हात जातील."

"जाऊ देत. लेकीचं पोट भरू दे."

राजानं शीग पाडायला हात घातला. मूठभर दाणे तळव्यात आले. वर्षभर तोही उपाशीच होता. त्यानं ते तोंडात टाकले, चावले, आणि साऱ्या दरबाराला ऐकू जाईल अशी ढेकर दिली.

मग म्हणाला, "एवढी शीग घेतली, मापाऱ्या, तरी माझं काहीच वाढलं नाही?"

"कोठार वाढलं, महाराज."

"उघडा ते."

कुलूप आधीच गळून पडलं होतं. दाणा न् दाणा ज्याच्या त्याच्या घरी चालत गेला. फळीचा हुकूम त्याच दिवशी उठला.

घरी गुणाई दीड भाकरीवर थांबली. "बाबा, आता नको," म्हणत तिनं ताट सरकवलं. येसजी उरलेली अर्धी भाकरी हातात धरून ढसाढसा रडला. ती भाकरी साळुंकीनं नेली, आणि आपली कहाणी पोटभर झाली.