हात न लावायची फाइल

“आता तरी धाग्याची किल्ली माझ्या हाती देणार ना, बाई?”

शार्दूलने विचारलं खरं, पण उत्तर काय येणार हे त्याने मनोमन ठरवून टाकलं होतं.

‘धागा’ ही संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची भाषा. देवरुखच्या आपल्या घरात बसून सुमतीबाईंनी ती जन्माला घातली, आणि वीस वर्षांत दोनशे जणांनी तिच्यात आपापली भर घातली. किल्ली ज्याच्याकडे, त्याचा शब्द शेवटचा. बाईंचे डोळे आता थकले होते. किल्ली कुणाच्या तरी हाती द्यायला हवी होती.

त्या किल्लीसाठी गडी तीन वर्षं खपला होता. त्याने दोन टूल केली होती. एक, कुणी कसाही लिहिलेला कोड एका साच्यात नीट मांडणारं. दुसरं, कोडमधल्या टिपा वेचून आपोआप माहितीपुस्तिका बनवणारं. नऊशे पानं!

“दोनशे जणांचं लिखाण, बाई. आता कोणाचं कुठलं, ओळखून दाखवा!” त्याची छाती फुगली होती. “तुमची फाइलसुद्धा सोडली नाही.”

बाईंनी आपली फाइल उघडली. आकड्यांचे रकाने त्यांनी एकेकाळी एकेक जागा मोजून हाताने जुळवले होते. ते सगळे मोडले होते.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “नियम सगळ्यांना सारखा ना?”

“सगळ्यांना.”

“मग हे काय रे?”

बाईंनी मांडणीच्या टूलचा कोड उघडला होता. त्यात एक छोटी यादी होती, हात न लावायच्या फायलींची. यादीत एकच नाव होतं.

“ती... माझी फाइल.”

“का?”

“हाताने मांडलीये, बाई. फार देखणी झालीये. टूल फिरवलं की तिची रयाच जाते.”

आपला तो बाब्या... दुसरं काय!

“ही यादी पुस्तिकेत कितव्या पानावर आहे?”

शार्दूल खाली बघू लागला.

“...कुठल्याच नाही.”

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कीबोर्ड तेवढा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने यादीतलं ते नाव खोडलं. टूल चालवलं. रात्रंदिवस निगुतीने मांडलेली फाइल डोळ्यांदेखत चारचौघींसारखी झाली. त्याचा चेहरा उतरला. लपवण्यात अर्थ नव्हता, बाईंना दिसलंच.

पण शार्दूलच तो. मिनिटभरात मान पुन्हा ताठ झाली. त्याने घाईघाईने काहीतरी लिहिलं, पुस्तिका नव्याने तयार केली आणि स्क्रीन बाईंकडे वळवला.

पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत ओळ होती: ‘या नियमाला अपवाद नाही. कर्ता शार्दूल केळुसकर याने स्वतःची फाइलही वगळलेली नाही.’

“झालं, बाई! आता किल्ली?”

बाईंनी चष्मा पुसला. ओळ पुन्हा एकदा वाचली आणि मायेने हसल्या.

“यादीतलं नाव पुसलंस, बाळा... आता पानावरचं पूस.”