रंभाजीचा गळ

कालवा जिथं गावाला वळसा घालून पुढं जातो, तिथं रंभाजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? एकदा पोस्टमन त्याला वेशीत म्हणाला, "थांब जरा, आलोच." पोस्टमन आला दुसऱ्या दिवशी. रंभाजी वेशीतच होता.

त्याची बायको हौसा. तिला सातवा महिना लागला आणि डोहाळे लागले माशाचे. तेही बाजारच्या माशाचे नाहीत. कालव्यातला मासा, ताजा, तिखट कालवणातला. येत्या सोमवारी ती बाळंतपणाला माहेरी जायची होती.

"त्याच्या आत एक तरी मासा खाऊ घाला," ती म्हणाली. "दुसरं काही मागत नाही मी."

दिवस पौषातले. तांब्यातलं पाणी तोंडाला लावलं तर दात बधिर व्हायचे. रंभाजीनं बांबूची काठी घेतली, दोरा बांधला, गळ अडकवला, मधे बुचाचा तुकडा लावला आणि कणकेचा लिंबाएवढा गोळा गळाला लावून कालव्यावर बसला. सकाळची दुपार झाली. बूच काही हललं नाही.

पुलाच्या कठड्यावर शिदू तात्या घोंगडी पांघरून बसले होते. मासेमारीत तात्यांचा शब्द गावात शेवटचा. अकरा हिवाळे ते त्या कठड्यावर गळ टाकून बसत होते. अकरा हिवाळ्यांत त्यांना मासा लागला नव्हता, पण तो का लागत नाही याची झाडून सगळी कारणं त्यांना ठाऊक होती.

"रंभाजी, थंडीत मासा गारठलेला असतो," तात्या म्हणाले. "भूक कमी. त्याला एवढा गोळा कशाला? मसुराएवढी गोळी लाव. जास्त घातलंस की पोट भरतं आणि तो परत वळून बघत नाही."

"थंडीत मसुराएवढी," रंभाजीनं पाठ केलं आणि तो घरी आला.

घरी हौसाचा भाऊ दगडू आला होता. बहिणीला बघायला नऊ कोस सायकल मारत आलेला. हौसाच्या पायाला गोळे आले होते, म्हणून ती म्हणाली, "अहो, तेवढं दगडूला वाढा."

रंभाजीनं ताट मांडलं. मधोमध भाकरीचा मसुराएवढा तुकडा ठेवला.

दगडूनं ताटाकडं बघितलं. मग दाजींकडं बघितलं.

"दाजी, हे काय?"

"थंडी आहे," रंभाजी म्हणाला. "जास्त घातलं तर तुम्ही परत वळून बघणार नाही."

दगडूनं सायकल काढली. त्यानं खरंच परत वळून बघितलं नाही.

हौसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आलेल्याला आग्रह करायचा असतो. नको नको म्हटलं तरी वाढायचं. टोपली रिकामी झाली तरी चालेल."

"टोपली रिकामी," रंभाजीनं पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं टोपलीभर भाकरी कालव्यावर नेल्या. एकेक तुकडा मोडून पाण्यात टाकू लागला. "घ्या, लाजू नका. माझ्या गळ्याची शपथ, एवढा अर्धा तरी घ्या." मासे आले. खाली चुळबुळ झाली, पाणी गढूळ झालं. अकरा भाकऱ्या संपल्या. माशांनी आग्रह मोडला नाही, आणि पोट भरल्यावर गळाकडं ढुंकूनही बघितलं नाही.

पुलावरून तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, बोलतोस कुणाशी? कालव्यावर तोंडातून अक्षर काढायचं नाही. समोर काहीही होवो. दगड होऊन बसायचं."

"कालव्यावर दगड," रंभाजी मनात म्हणाला. तोंडानं बोलायची आता सोय नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर दोन माणसं हातगाडी घेऊन आली. तिथं सरपंचांची मोटर होती. ती कालव्यात पाइप टाकून बसवली होती, आणि कालव्यात मोटर टाकायला बंदी होती. म्हणून सरपंचांनीच स्वतःच्या हातानं बंदीची पाटी आणून तिच्यावर झाकण ठेवल्यासारखी आडवी ठेवली होती.

एका माणसानं विचारलं, "काय हो, ही मोटर कुणाची?"

रंभाजी दगड.

"नेली तर चालेल?"

रंभाजी दगड. दोघांनी मोटर उचलली, पाइप गुंडाळला, पाटीही नेली.

संध्याकाळी सरपंचांनी त्याला पारावर बोलावलं. त्यांचा चेहरा लाल होता. चौकीत तक्रार द्यावी तर मोटर कुठं होती ते सांगावं लागणार, म्हणून सगळा राग रंभाजीवरच काढायचा होता.

"डोळ्यांदेखत नेली आणि तू बघत बसलास? कालव्यातून कुणी काही न्यायला लागलं की बोंब मारायची. गाव गोळा करायचं. समजलं?"

"समजलं," रंभाजी म्हणाला. पारावर बोलायला हरकत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो मसुराएवढी गोळी लावून बसला. ऊन जरा वर आलं. पाणी कोमट नाही, पण कमी गार झालं. आणि बूच हललं. एकदा हललं, दुसऱ्यांदा हललं, मग हळूहळू खाली जायला लागलं. त्या हिवाळ्यात त्या कालव्यावर कुणाच्याही गळाला झालेली ही पहिली ओढ. तात्या कठड्यावरून उठून उभे राहिले.

रंभाजीनं बघितलं, कालव्यातून कुणीतरी काहीतरी नेतंय.

"धावा," तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "नेलं, नेलं, कालव्यातून नेलं."

चाळीस माणसं काठ्या घेऊन धावली. सरपंच सगळ्यांच्या पुढं होते. काठावर येऊन सगळ्यांनी विचारलं, कोण होता, कुठं गेला. रंभाजीनं पाण्याकडं बोट दाखवलं. बूच वर आलं होतं. गळावरची गोळी गेली होती.

लोक शिव्या देत परतले. तात्या मात्र पुलावरून खाली आले आणि त्याच्या शेजारी बसले.

"रंभाजी, आता हे शेवटचं सांगतो. नीट ऐक. त्यानं तोंड लावलं की ओरडायचं नाही, ओढायचं नाही. खाऊ द्यायचं. शेवटचा घास गिळला की मग एकच झटका. आणि लहान निघाला तर घरी न्यायचा नाही. अलगद परत पाण्यात सोडायचा. त्याच्यापेक्षा मोठे असतात."

"लहान की मोठा, ते कसं कळायचं?"

"त्यात काय, बघितल्यावर कळतं," तात्या म्हणाले. हे त्यांनाही ऐकूनच ठाऊक होतं.

"कळलं नाही तर विचारीन," रंभाजी म्हणाला.

चौथा दिवस रविवार. हौसाची बोचकी बांधून झाली होती. आणि त्याच दिवशी गावात पाण्याचे साहेब यायचे होते. गव्हाला पाण्याची आणखी एक पाळी द्यायची की नाही, ते साहेब ठरवणार होते. पाळी मिळाली तर गहू भरणार, नाहीतर गुरांना घालावा लागणार.

सरपंचांनी कालव्याच्या काठावर खुर्ची मांडली, वर चादर बांधली, जिलब्या तळून घेतल्या. बायकांना भाकऱ्यांना बसवलं. हौसाही त्यांत होती. मग सरपंच सगळ्यांना गोळा करून हळू आवाजात म्हणाले, "आज काहीही करून साहेब गळाला लागला पाहिजे. साहेब गळाला लागला की पाणी आपलं."

रंभाजी पुढं झाला. "गळ माझ्याकडं आहे."

"बरं, बरं," सरपंच घाईत म्हणाले. "तू तुझा गळ घे आणि पलीकडच्या काठाला बस. इथं मधेमधे करू नकोस."

रंभाजीचा ऊर भरून आला. गावानं त्याला पहिल्यांदाच एवढं मोठं काम सांगितलं होतं. त्यानं दोरा चौपदरी केला. पलीकडं जाऊन तो दगड होऊन बसला.

साहेब आले. जाड लोकरी स्वेटर, गळ्याशी मफलर. खुर्चीत टेकले, पाण्याकडं पाठ करून. सरपंचांनी जिलब्यांचं ताट पुढं केलं. रंभाजीनं अलगद गळ फेकला. गळ स्वेटरच्या पाठीत जाऊन बसला. साहेबांना कळलंही नाही.

पहिली जिलबी खाल्ली. रंभाजीनं ओढलं नाही. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. सरपंच पाण्याचं बोलत होते, साहेब "बघू" म्हणत चौथी खात होते. सात झाल्या. साहेबांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "तुमचं काम करायला हरकत नाही. कागद आणा, सही करतो."

शेवटचा घास गिळला गेला.

रंभाजीनं एकच झटका दिला. साहेब खुर्चीसकट मागच्या मागं कालव्यात गेले.

काठावर एकच धावपळ उडाली. पूल तिथून लांब होता. सरपंच धोतर सावरत तिकडं पळाले. इकडं रंभाजीनं दोन्ही हातांनी भराभर दोरा गोळा केला आणि साहेबांना आपल्या काठावर ओढून घेतलं. साहेब निळे पडले होते. मफलरमधून धारा गळत होत्या.

"तुला ठाऊक आहे का मी कोण आहे?" साहेबांचे दात वाजत होते.

"साहेब आहात," रंभाजी अदबीनं म्हणाला. "एवढंच सांगा, तुमच्यापेक्षा मोठे कुणी आहेत का?"

"आहेत की. पुण्याला आहेत. त्यांच्यापेक्षा मोठे मुंबईला आहेत. एकेकाला कळवतो, बघ तू."

रंभाजीचं तोंड उतरलं. त्याला गाव दिसलं, गहू दिसला. हातात आलेलं जाऊ द्यायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं. पण काही इलाज नव्हता. त्यानं स्वेटरमधून गळ हळूच सोडवला, साहेबांना कमरेला धरून उचललं आणि अलगद परत पाण्यात सोडलं.

पलीकडून हौसा भाकऱ्यांची पाटी टाकून धावत काठापर्यंत आली. "अहो, हे काय केलंत?"

"लहान होता गं," रंभाजी म्हणाला. "मोठे पुण्याला आहेत."