मधल्या शाळेचे दिवे

“पण बुवा, खर्च आमचाच जास्त, एवढं तरी मान्य आहे ना?”

विश्वंभर अमात्यांनी पुन्हा विचारलं. खिंडीतले जोगीबुवा धुनीत काटकी सारत राहिले.

खिंडीच्या अलीकडे सोनवेल देश, पलीकडे रानकोट. मधल्या शाळेवर, म्हणजे सहावी ते आठवीच्या पोरांवर, कोणाचा खजिना जास्त सुटतो, यावरून दोन्ही दरबारांत जुनी चुरस. निवाडा बुवांचा. तो सोनवेलच्या बाजूनं लागला की विश्वंभरांच्या डोक्यावर प्रधानाची पगडी चढणार होती. म्हणून तर स्वारी पालखी सोडून धापा टाकत इथवर आली होती. गुडघे कुरकुरत होते, ऐट मात्र जागच्या जागी होती.

“खाली तरी बघा, बुवा!”

निवाड्याच्या दिवशी दोन्ही देशांत एकच रीत होती. मधली शाळा दिवेलागणीपर्यंत भरायची. पटावरच्या प्रत्येक पोरामागे सरकारी तेलाचा एक दिवा शाळेच्या ओट्यावर लागायचा. घंटा झाली की पोरानं आपापला दिवा उचलायचा आणि घरी न्यायचा.

सोनवेलचा ओटा नुसता झगमगत होता. रानकोटला कुठं चार-दोन मिणमिणत्या ओळी.

“झालं की मग!” विश्वंभर खुशीत आले. “आणि आमचं तेल पहाटेपर्यंत पुरेल. आम्ही हात आखडला नाही.”

“घंटा होऊ दे,” बुवा म्हणाले.

...

आधी रानकोटची घंटा वाजली. तिच्या मागोमाग पोरांचा एकच गलका उठला. ते मिणमिणते दिवे हलले, विखुरले, बोळाबोळांत शिरले. ओटा काळोखात बुडाला.

मग सोनवेलची घंटा झाली. चांगली पितळेची, खणखणीत.

एकही दिवा हलला नाही.

“अभ्यासात असतील,” विश्वंभर म्हणाले. “आमची पोरं भारी चिकाटीची.”



घंटा पुन्हा झाली. दिवे ओळीनं जळत होते. त्यांच्या उजेडात ओट्यावर कोणाची सावली म्हणून पडत नव्हती. अमात्यांच्या मानेवर काटा आला. इतका उजेड बघून भीती वाटावी, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

“टक्... टक्...”

आवाज खालून येत होता. शाळेच्या मागच्या अंधारातून.

“ते काय?” बुवांनी विचारलं.

“खाण आहे आमची. नवी शाळा बांधतोय, दगड लागतो. तोही खर्च धरलाय बरं का यात.”

“ऐक.”

विश्वंभर ऐकू लागले. घाव हलके होते. मोठ्या माणसाचा हात एवढा हलका पडत नाही. मध्येच कोणीतरी खोकलं, आणि तो खोकलाही कोवळा होता... एक घाव थांबतो तोच दुसरा, त्यावर तिसरा. अंधारभर नुसती टकटक.



“अमात्य,” बुवा म्हणाले, “खर्च तुमचाच जास्त. सांग जा दरबारात.”

हवा होता तो निवाडा पदरात पडला होता. विश्वंभर जागचे उठले नाहीत. पगडीचं नावही त्यांनी काढलं नाही.

“बुवा... ती पोरं दिवे न्यायला का येत नाहीत?”

“हात पुढं कर. दोन्ही.”

त्यांनी केले. बुवांनी धुनीच्या कडेचे दोन धोंडे उचलून एकेका तळहातावर ठेवले. धोंडे गरम होते, आणि जड. दोन्ही हात अडकले, पण धोंडे खाली टाकायचा धीर होईना.

खाली टकटक चालूच होती.

बुवांनी धुनीजवळचा आपला दिवा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

“घे. घरी जा.”