दहा हजार एकावी फरशी

फार फार जुन्या काळी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एकच तलाव होता. त्याच्या काठी राजाने पटांगण बांधायला काढलं. रिवाज असा की प्रत्येक घराने एक चौरस फरशी घडवून आणायची. ज्याची फरशी पटांगणात, त्याचा तलावाच्या पाण्यावर हक्क. फरशी फोडायची नाही आणि एकही ओळ अपुरी ठेवायची नाही, हीसुद्धा जुनी रीत.

दहा हजार फरशा जमल्या. शंभर ओळी, ओळीत शंभर. राजाचा गणिती भलताच खूश झाला.

तेवढ्यात डोंगरउतारावरच्या शेवटच्या वाडीतून एक बुरूडीण डोक्यावर फरशी घेऊन आली. झाल्या दहा हजार एक! गणिती दिवसभर भागाकार करत बसला आणि संध्याकाळी म्हणाला, "या संख्येच्या सारख्या ओळी होतच नाहीत. बाई, तुझी फरशी परत ने."

"मंग माझ्या लेकरांनी प्यावं काय?"

"सगळ्या एकाच ओळीत मांडा की!" एक दरबारी म्हणाला आणि सगळे हसले. दुसऱ्याच्या तहानेवर हसणं फार सोपं असतं, मुलांनो.

बुरूडीण राजाकडे वळली. "म्हाराज, फरशा बसवायच्या मुहूर्ताला महिना हाय. तवर मला मोजू द्या."

राजाने होकार दिला.

तिने दहा हजार एक चिंचोके जमवले आणि अंगणात मांडायला बसली. दोन-दोनचे गट केले, एक उरला. तीन-तीनचे केले, दोन उरले. सात-सातचे केले तर पाच. दहा झालं, वीस झालं, चाळीस झालं. रोज काहीतरी उरतच होतं. एकदा कोंबड्यांनी सगळे चिंचोके उधळले. तिने ते वेचले, पुन्हा मोजले आणि पुन्हा मांडले. शेजारणी म्हणाल्या, "अगं, वेड लागलं काय तुला?" ती म्हणाली, "लागू दे. पानी तर मिळंल!"

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी तिने त्र्याहत्तर-त्र्याहत्तरच्या ओळी मांडल्या. एकशे सदतीस ओळी झाल्या आणि हातात एकही चिंचोका उरला नाही. तिला रडू आवरेना.

राजाने स्वतः येऊन ओळी मोजल्या आणि गणितीला विचारलं, "तुम्ही कुठवर भागून पाहिलं होतं?"

गणिती खाली मान घालून म्हणाला, "एकाहत्तरपर्यंत, महाराज. मग कंटाळलो."

पटांगण एकशे सदतीस ओळींचं झालं. बुरूडिणीची फरशी गणितीने स्वतःच्या हातांनी बसवली आणि त्या दिवशी तलावावर पहिली घागर तिची भरली. पुढे दरबारात कुणीही "होत नाही" म्हटलं की राजा आधी विचारी, "कुठवर पाहिलंत?"

तात्पर्य: आपण दमलो म्हणून वाटच संपली, असं दुसऱ्याला सांगू नये.