महाराज, आवाज कुठला?

"उद्यापासून हातोड्याचा आवाज बंद! आणि राजकन्येच्या लग्नाचे चाळीस हंडे मात्र आठ दिवसांत तयार पाहिजेत. नाही जमलं, तर अख्खी तांबट आळी गावाबाहेर!"

दुर्जयराजाने असा हुकूम सोडला आणि तांबटांचं धाबंच दणाणलं. अहो, हंडा ठोकायचा आणि आवाज नाही करायचा? मग काय, तांब्याच्या पत्र्याला लाडीगोडी लावून गोल करायचं?

झालं होतं काय, राजाची दुपारची झोप मोडत होती. "आवाज येतो!" एवढंच तो म्हणाला आणि बंदोबस्त सुरू! दिवाणजी म्हणजे पुढचं ऐकायच्या आत धावणारा माणूस. त्यांनी देवळातल्या घंटेला गोधडी गुंडाळली. धोब्यांना सांगितलं, कपडे आपटायचे नाहीत, कुरवाळायचे. गावातले सगळे कोंबडे शेजारच्या राजाला भेट म्हणून धाडले! काम कसं एकदम जोरात. झोप मात्र मोडायची ती मोडतच होती. मग उरलं कोण? तांबट!

भिकोबा तांबटाने तर सामान बांधायलाही घेतलं. तेवढ्यात त्याची मुलगी मंजुळा म्हणाली, "बाबा, थांबा जरा. मी राजवाड्यावर जाऊन येते."

"कशाला?"

"आवाज कुठला, ते विचारायला."

"अगं, राजाला उलटं विचारतात का कुणी?"

"नाही विचारत. म्हणूनच तर सामान बांधताय ना!"

आणि गेली की थेट दरबारात! "महाराज, मी तांबट आळीतली मंजुळा. आवाज मी बंद करते. पण आधी तो कसा येतो, ते सांगा."

"कसा म्हणजे?" दिवाणजी ओरडले. "आवाज तो आवाज!"

"दिवाणजी, झोप तुमची मोडते का महाराजांची?"

राजाने हातानेच दिवाणजींना गप्प केलं. "विचार, पोरी."

"ठण्ण असा येतो, की ठक्क?"

राजा विचारात पडला. बिचाऱ्याला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं! "नाही गं... कुईं... कर्रर्र. कुईं... कर्रर्र. असा."

राजाने मान डोलावत आवाज काढून दाखवला. दरबारात कुणी हसलं नाही. नोकरी सगळ्यांनाच प्यारी!

"तांब्यावर हातोडा पडला की ठण्ण वाजतं, महाराज. कुईं नाही. बरं, येतो कधी?"

"जेवून आडवा झालो की लगेच!"

"तेव्हा तर आम्हीही आडवेच असतो! आळीत तेव्हा फक्त घोरणं चालतं."

"थापा! मी उठून खिडकीत आलो की आवाज बंद होतो. मला बघून थांबतात लबाड!"

"आणि परत आडवे झालात की?"

"परत सुरू! टपूनच बसलेले असतात!"

"महाराज, तुम्ही आडवे होता कशावर?"

"झोपाळ्यावर. छान पितळी कड्यांचा आहे. पायाने हळूच झोका देत..."

राजा मध्येच थांबला. दिवाणजींना अचानक खोकल्याची उबळ आली.

मंजुळाने तेलाची वाटी मागवली. राजाच्या महालात जाऊन, चौरंगावर चढून झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं. राजा आडवा झाला, झोका दिला... काही नाही! पुन्हा दिला... काही नाही! तिसऱ्या झोक्याला राजा घोरायला लागला, तो उठला थेट दिवेलागणीला.

"वा! मंजुळा, जा, तुझ्या आळीचं भलं करतो!"

"तसं नको, महाराज. आळी आहे तिथेच राहील. ठोका उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत चालेल, जेवणाची वेळ सोडून. आणि मला एक नवी हातोडी, माझ्या मुठीत बसेल अशी. आत्ता बाबांचीच वापरते."

"अगं, भलं करतो म्हटलं ना! एवढं बारीक कशाला सांगतेस?"

"नुसतं भलं करा म्हटलं, तर दिवाणजी लगेच बंदोबस्ताला लागतील!"

राजा इतका हसला, इतका हसला, की झोपाळा गदागदा हलला. अगदी बिनआवाजी!

"दिलं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि दिवाणजी, ते कोंबडे परत आणा. थांबा, थांबा! आत्ताच धावू नका. कुठले आणि किती, ते आधी नीट विचारून घ्या. कसं विचारायचं, ते मंजुळाकडून शिका!"